गुळगुळीत

साल दोन हजार चार. आईच्या जुन्या टीव्हीसमोर दुकानदाराने चित्र सुधारणाऱ्या दोन पेट्या मांडल्या होत्या. हा टीव्ही बाबांनी घेतलेला, म्हणून त्यांच्यामागे आई नवा घेऊ देत नव्हती. शेवटी मुलाने ही वाट काढली होती.

"पाहिलेलं काहीतरी लावा," दुकानदार म्हणाला, "म्हणजे फरक कळेल."

आईने कपाटातून कॅसेट काढली. बाबांच्या निवृत्तीच्या समारंभाची. चालते-बोलते बाबा या एकाच कॅसेटमध्ये उरले होते.

पहिली पेटी जोडली. थरथरणारं चित्र स्थिर झालं, रंग जागेवर बसले. हातातला पुष्पगुच्छ सावरत बाबा उभे होते. कपाळभर, गालभर देवीचे वण. आई खुर्ची ओढून पुढे सरकली.

"हीच राहू दे," ती म्हणाली.

"अगं, दुसरी बघ तर खरी," मुलगा म्हणाला. "ती हिच्यापेक्षा भारी आहे."

दुकानदाराने वायर बदलली. "ही चित्र धुऊन काढते. मुंग्या, ठिपके, सगळं." तो बटण फिरवत गेला. पडद्यावरच्या मुंग्या गेल्या. मग बाबांच्या कपाळावरचे वण गेले. मग गालांवरचे. पेटीला ठिपका तेवढा कळत होता. तो कशाचा, ते कळत नव्हतं. उकडून सोललेल्या अंड्यासारखा एक चेहरा बाबांच्या आवाजात आभार मानू लागला.

"अय्या, बाबा काय देखणे दिसतायत!" सून म्हणाली.

"आणखी थोडं?" दुकानदाराने विचारलं.

"फिरवा की!" मुलगा हसला. "काय आई, केला की नाही तुझ्या नवऱ्याला तरुण?"

आईने तोंडावर हात धरला.

"आई, रडू नका ना," सून जवळ आली.

"रडतंय कोण? मळमळतंय मला. बंद कर ते."

"अगं, पण वाईट काय दिसतंय त्यात?"

"चौथीत होतास. म्हणालास, बाबांना शाळेत पाठवू नकोस, मुलं हसतात. तेव्हापासून ते फाटकाबाहेर थांबायचे. ऊन नसलं तरी छत्री पुढे धरून." तिने पडद्याकडे बघायचं टाळलं. "आता घरातही नकोत का ते तुला?"

मुलगा दुकानदाराकडे बघून कसनुसा हसला. आई उठली, टीव्हीच्या मागे गेली आणि वायर उपटून काढली.

दुकानदाराने पुढे दुकान मोडलं आणि तो मोबाइल विकू लागला. टीव्ही पार बंद पडेपर्यंत आई पहिल्या पेटीवर ती कॅसेट बघत राहिली. दुसरी पेटी मुलाने स्वतःच्या घरी नेली. कॅसेटची नक्कल करून ती या पेटीवर लावली, पडद्यावरच्या गुळगुळीत चेहऱ्याचा फोटो काढला, मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला. येईल त्याला सून तो कौतुकाने दाखवायची.

आई त्या घरी एकदाच गेली. चष्मा पुसून फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग सुनेकडे वळली.

"चांगले दिसतात हो. तुझ्या माहेरचे का कुणी?"