जुन्या तारा

शर्यत मारायचीच म्हणून रूपसिंगनं वाकड्या हँडलच्या सायकलीला नवे ब्रेक, नव्या तारा बसवल्या. झिजून काटे निघालेल्या जुन्या तारा त्यानं फेकल्या नाहीत. बायकोच्या पाठीसाठी खुंटीला टांगल्या. ब्रेक बसवताना पाना धरायला बायकोच होती. गंगीच्या हातून पाना निसटला आणि पहिला फटका तिनं तिथंच खाल्ला.

मग दर दोन दिवसांनी अख्खा तांडा तिच्या किंकाळ्या ऐकू लागला. मोठी जाऊ जमनी हळद लावताना पाठीत रुतलेले तारेचे काटे नखानं उपसायची.

"माहेरी काहून नाही जात वं, गंगे?"

"शर्यत होऊ द्या, बाई. मंग पाहू."

शर्यतीच्या सकाळी गंगीनंच सायकल पुसून दिली. केळापूरच्या उतारावर रूपसिंग सगळ्यांच्या पुढं होता. वळणावर त्यानं ब्रेक दाबले, दोन्ही तारा तटकन तुटल्या, आणि पुलाच्या दगडी कठड्यावर त्याचं डोकं नारळासारखं फुटलं.

प्रेत दारात आलं, तशी जमनी खुंटीवरच्या त्या मेल्या तारा चुलीत घालायला आत धावली.

 

खुंटीवरच्या दोन्ही तारा चकचकीत होत्या. एकीलाही काटा नव्हता.