दिवसा लावलेलं दार

“दार मात्र लावून घ्यावं लागंल, मावशी,” दुकानदार म्हणाला आणि आशाबाईंनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

जाफराबादच्या त्या दुकानात त्या तासभर ठाण मांडून बसल्या होत्या. एसी घ्यायचा तर दोन टनाचाच, असा त्यांचा हट्ट. दुकानदार शिवशंकर एक टनाच्या पुढे जायला तयार नव्हता. घेणारी मोठा मागतेय आणि विकणारा लहान देतोय, असा सगळा उफराटा सौदा चालला होता. त्याने खोलीचं माप विचारलं. मुलाने, करणने सांगितलं, दहा बाय बारा, वर स्लॅब.

“दुपारी खोलीत माणसं किती?”

“दोनच. आई अन् बाबा.”

शिवशंकरने कागदावर दोनचा आकडा लिहिला. “मंग एक टन बराबर हाये. कशाला फुकटचा खर्चा करता?”

“आमचं दार दिवसभर उघडं राहतं,” आशाबाईंनी तेव्हा कुठे पोटातलं सांगितलं. “म्हणून मोठा मागून राह्यले.”

त्यावर शिवशंकर हसला. दार उघडं ठेवलं तर पाच टनाचाही गारवा गल्लीत जाईल, म्हणाला. आणि मग ते दार लावायचं बोलला.

आशाबाईंच्या गावात दिवसा कुणी दार लावत नाही. लावलेलं दिसलं की आलेला माणूस आल्या पावली परत फिरतो. त्यांच्या नवऱ्याने, आबारावांनी उभा जन्म मेंढरांमागे काढला. तेव्हाचे त्यांचे सोबती, रखमाजी आणि आणखी पाच जण, रोज दुपारी त्यांच्याकडेच येऊन बसायचे. गेल्या मे महिन्यात आशाबाईंचं डोकं ठणकत होतं, म्हणून त्यांनी एकच दिवस दार लावलं. मंडळी न बोलता लिंबाच्या पाराकडे वळली. आबारावांना ते कळलं तसे तेही भर उन्हात मागोमाग गेले आणि वाटेतच कोसळले. आता पुन्हा ऊन लागलं तर धडगत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते दार आपण लावलं होतं, हे आशाबाई वर्षभर विसरल्या नव्हत्या.

“चल रे करण. असला एसी काय कामाचा?”

त्या दुकानाच्या काचेच्या दारापाशी पोचल्या, तेवढ्यात बाहेरून एक जोडपं घाम पुसत आत आलं. त्यांच्यामागे दार आपोआप लागलं. दोघं जाऊन बाकावर टेकली. आशाबाईंनी मागे वळून पाहिलं. बंद दाराच्या आत दहा-बारा माणसं गारव्याला खुशाल गप्पा मारत बसली होती.

मग आशाबाई परत फिरल्या, पिशवी दणकन टेबलावर ठेवली आणि शिवशंकरच्या कागदावर बोट टेकवलं.

“हा दोनचा आकडा खोडा. आठ लिहा, अन् आठ माणसांना केवढा लागंल ते सांगा. दार मी लावीन, पन समदे आत आल्यावर.”