फळीपलीकडचा चेहरा

"हेमा, हलू नकोस ना!" फळीच्या भिंतीपलीकडून मधु ओरडला. "नाक पार कानाशी गेलंय तुझं!"

"दादा, पावडर वितळतेय माझी. ते लोक येतील आता."

"येऊ देत. एवढं चित्र स्थिर झालं की सोडतो."

माजघरात मोठाले दिवे तिच्या तोंडावर जळत होते. अण्णा दारापासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालत होते. मुलीला बघायला कल्याणचे पाटणकर निघालेले, आणि मुलगा ऐन वेळी टेलिव्हिजन करत बसलेला. सकाळीच त्यांनी दोघांना बजावलं होतं, हे स्थळ काही झालं तरी हातचं जाता कामा नये. मधुच्या ते एका कानातून शिरून दुसऱ्याने निघून गेलं होतं.

मधु रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. साल एकोणीसशे एक्कावन्न. देशात टेलिव्हिजनचं केंद्र नव्हतं, त्यांच्या कोपरी गावात कुणी तसला संच पाहिलेला नव्हता. म्हणून या पठ्ठ्याने दोन्ही घरीच करायला घेतलं होतं. पत्र्याच्या चकतीला वळत जाणारी भोकांची रांग पाडायची, चकती पंख्याच्या मोटरवर गरगर फिरवायची, आणि भोकांतून आलेला उजेड सिनेमाच्या जुन्या यंत्रातल्या काचेच्या डोळ्याने टिपायचा. बाकीचं सामान कल्याणच्या लष्करी छावणीच्या भंगारातलं. भिंतीची फळी भोसकून त्याने एक दांडा आरपार घातला होता. दांड्याच्या एका टोकाला माजघरातली चकती, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरातली. त्या दुसरीच्या मागे नारिंगी दिवा, आणि तिच्यात काडेपेटीएवढं थरथरणारं चित्र. विलायतेत ही चकती केव्हाच अडगळीत गेली होती. कोपरीला ती नवीकोरी होती.

चेहरा मात्र त्याला एकच मिळायचा, हेमाचा. आळीतले झाडून सगळे स्वयंपाकघरात जाऊन तिला बघून आले होते. तिने स्वतः कधीच काही पाहिलं नव्हतं. दिव्यांसमोर बसणाऱ्याला काय दिसणार? डोळ्यांपुढे सगळा पांढरा जाळ.

मुलगी बघायला येणाऱ्यांपुढेही तिचं तेच व्हायचं. मान खाली, हातात पोह्यांच्या बश्या. मुलाचे फार तर पायाचे अंगठे दिसायचे. मंडळी तिला निरखून घ्यायची, पोहे संपवायची, "कळवतो" म्हणायची आणि जायची. मग अण्णा रोज पोस्टमनची वाट बघायचे. कळवत कुणी नसे. हेमाला त्या शब्दाची चीड आली होती.

पाटणकर आले. मुलगा आनंद, कल्याणला शाळामास्तर. सोबत त्याची आई सुमतीबाई. पोहे झाले. नाव विचारून झालं, स्वयंपाक येतो का ते विचारून झालं, चालायला लावून झालं. मग सुमतीबाईंचं लक्ष चकतीकडे गेलं. मधुला तेवढंच हवं होतं. तो जो सुटला तो कुणालाच आवरेना.

"अगबाई! मग मुलगी त्यात दाखवा की," सुमतीबाई हसल्या. "एकदा असं पाहिलं, एकदा तसं पाहू."

ऊठ, म्हणून अण्णांनी डोळ्यांनीच खुणावलं. हेमाच्या अंगाची लाही लाही झाली. अजून किती बघणार हे लोक? तिने मान वर केली.

"माझा चेहरा त्या यंत्राला पाठ झालाय," ती म्हणाली. "आज नवा हवा. ह्यांना बसवा ना."

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. मधु मात्र एकदम खूष. सुमतीबाईंनाही कल्पना आवडली; आपला आनंद टेलिव्हिजनमध्ये! आनंद निमूट जाऊन बसला. दिवे लागले, चकती घरघरायला लागली. सुमतीबाई स्वयंपाकघरात जाऊन बघून आल्या आणि त्याची टोपी वाकडी दिसते म्हणत ती सरळ करायला धावल्या.

तेवढ्यात बश्या उचलून हेमा आत गेली आणि चकतीवर वाकली.

इवल्याशा नारिंगी उजेडात एक माणूस थरथरत होता. कान मोठे, नाक बरं. हेमाने मान खाली घातली नाही. त्याला इकडचं काही दिसतच नव्हतं. एका परक्या पुरुषाकडे ती जन्मात पहिल्यांदा डोळे भरून बघत होती. त्याने घाम पुसला. कॉलर नीट केली. उगाच हसून पाहिलं, मग ते हसू आवरलं.

"मधुराव," फळीपलीकडून त्याचा आवाज आला, "दिसतोय ना मी? बरा दिसतोय ना?"

"दिसताय, दिसताय! हलू नका फक्त!"

हेमाला हसू फुटलं, आणि लगेच त्याची कणवही आली. तो प्रश्न तिच्या ओळखीचा होता. दर वेळी पोह्यांच्या बश्या पुढे करताना तिने तो मनातल्या मनात विचारला होता. उत्तर द्यायची पाळी मात्र तिच्यावर कधी आली नव्हती.

दिवे विझले. आनंद डोळे चोळत उठला. आईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने हळूच मान हलवली.

"आता कळवायचं काय राहिलंय?" सुमतीबाई म्हणाल्या. "मुलगी पसंत आहे आम्हाला."

अण्णांना खरंच वाटेना. "हेमा, अगं, साखर आण आधी!"

हेमा साखरेची वाटी घेऊन दारात आली. वाटी तिने कुणापुढेच धरली नाही. तिने आनंदकडे चांगलं सरळ पाहिलं. तो अजून डोळे मिचमिचवत तिला शोधत होता.

"कळवते," हेमा म्हणाली.