अडलेला बॅकअप

"तुमची डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. आत्ताच्या आत्ता बॅकअप घ्या," दुरुस्तीवाल्याने फोनवर निक्षून सांगितलं. तिने धावत जाऊन पाहिलं, तर रोज आपोआप होणारा बॅकअप गेले त्रेसष्ट दिवस झालाच नव्हता. प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं फक्त त्या मरणपंथाला लागलेल्या कॉम्प्युटरवर होती.

तिने वायर काढून पुन्हा खोचली, राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड तीनदा घातला. दर वेळी तेच उत्तर येत होतं: जागा शिल्लक नाही. रडकुंडीला येऊन तिने बॅकअपची हार्डडिस्क उघडली. घरात सगळ्यांना मिळून असलेली ती डिस्क बाबांच्या व्हिडिओंनी गच्च भरली होती.

"बाबा, तुमचे व्हिडिओ उडवू का? माझं सगळं काम जाईल हो!"

"कसले व्हिडिओ?" बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "मी नाही गं काही ठेवलेलं. उडव खुशाल."

उडवण्याआधी तिने सहज शेवटचा व्हिडिओ लावला.

 

"डॉक्टर म्हणालेत, हळूहळू सगळं विसरायला होईल," पडद्यावर बाबा सांगत होते, "म्हणून आजही बोलून ठेवतो, की मला एक मुलगी आहे आणि तिला आम्ही ठमी म्हणतो."