पान सत्तेचाळीस

“थांब. परत वाच,” आत्या म्हणाली. “चार सुलट की पाच?”

फटाकडीने पुस्तक नाकाशी धरलं. पान सत्तेचाळीस. अक्षरं मुंग्यांसारखी एकामागे एक चाललेली. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून सुईवरचे टाके मोजले. पाच घेतले तर शेवटी एक उरत होता.

“चार. मग धागा पुढे, दोन एकत्र.”

“मघाशी पाच म्हणालीस.”

“ओळ चुकली माझी! एवढं आहे तर तूच वाच ना.”

“चष्मा मोडलाय ना गं बाई,” आत्या म्हणाली. तिने चार सुलट विणले, आणि जाता जाता खालच्या ओळीत सुटलेला एक टाका सुईच्या टोकाने अलगद उचलून घेतला.

फटाकडी हे तिचं घरातलं नाव. पेटायला वेळ लागायचा नाही. शाळाही तशीच सुटली. इंग्रजीच्या तासाला बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला. ती अडखळली, वर्ग फिदीफिदी हसला, हिने पुस्तक भिरकावलं ते भिरकावलंच. घरी सांगितलं, कंटाळा आला. खरं कारण तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

आत्याचं पोट विणकामावर. थंडीत काम मावायचं नाही, पण ऊन चढलं की लोकर कुणाला हवी? लोकरवाल्या बाई दुकानासाठी उन्हाळी टॉपचा एक नमुना निवडणार होत्या. ज्याचा नमुना, त्याला सगळा उन्हाळा काम. आत्याला ते हवंच होतं.

दोघींनी मिळून धागा निवडला. नुसतं सूत आत्याने बाजूला सारलं. “दोन धुण्यांत लोंबेल. टॉप घेतला आणि गाऊन झाला, असं व्हायचं.” बांबूचा धागा सुईवरून सटकत होता. लिनन मिसळलेलं सूत फटाकडीने मानेला लावलं आणि ओरडली, “ई, गवत आहे का हे?”

“धू आणि मग बोल.”

तळहाताएवढा तुकडा विणून, चार वेळा धुऊन तिने परत मानेला लावला. मऊ. फिकट हिरवा रंग ठरला. जरा जाड सुया घेतल्या, म्हणजे वीण मोकळी पडेल आणि वारा खेळेल.

मग आत्याने ते पुस्तक हातात दिलं. “पान सत्तेचाळीस. तू वाच, मी विणते.”

फोटोत होडीत बसलेली एक बाई. हाताची घडी घातलेली, त्यामुळे टॉप अर्धाच दिसत होता. बाकी सगळं लिहिलेलं. फटाकडीला एक शब्द लागेना. काही अक्षरांच्या डोक्यावर तर दोन-दोन टिंबं होती. ती कुठल्या इयत्तेत शिकवतात देव जाणे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही.

“शंभर टाके घाल,” ती म्हणाली.

त्यानंतर रोज थापा. सकाळी गच्चीवर फरशीच्या चौकटींत खडूने टाके मांडायचे, बेरीज जुळवायची, पुसायचं, आणि दुपारी पुस्तक धरून वाचल्यासारखं करायचं. झाडाच्या पानांची जाळी तिच्या डोक्यातून निघाली. खाली टोक, मध्ये पोट, वर परत टोक. बेरीज जुळली की क्षणभर बरं वाटायचं. मग आत्या शेजारणीला सांगायची, “भाची वाचते म्हणून जमतंय हो मला,” की हिची कानशिलं तापायची. शेजारीण कौतुकाने बघायची. फटाकडीला वाटायचं, उठावं आणि भिंतीवर डोकं आपटावं.

आणि टॉप तर सुंदर झाला. खिडकीत धरला तर हिरव्या पानांतून ऊन गळत होतं. त्याच्याकडे बघवेना तिला.

दुकानात लोकरवाल्या बाईंनी टॉप उलटा केला, गळा ताणला, काखेची शिवण बघितली.

“हाच,” त्या म्हणाल्या. “पण आणखी सहा जणींना विणायला द्यायचाय. नमुना लिहून लागेल. कुठून घेतलात?”

“हिला विचारा,” आत्या म्हणाली.

फटाकडीने टेबलावरच्या मापपट्टीकडे बघितलं. आता ते पान सहा जणी वाचतील. वाचतील आणि म्हणतील, यात हे नाहीच. आणि तोंडघशी कोण पडेल? आत्या. थाप मारली हिने, काम जाणार तिचं.

तिने पिशवीतून पुस्तक काढून धाडकन टेबलावर ठेवलं.

“यात नाहीये हा नमुना. मला इंग्रजी वाचता येत नाही. एक ओळ, एक शब्द वाचलेला नाही मी. सगळं मनाने ठोकून दिलं.” आवाज चिरकला. “आत्याला यातलं काही माहीत नाही. फसवलं मी तिला. तिचं काम काढू नका, बाकी काय बोलायचं ते मला बोला.”

आत्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. मापपट्टीवरचे आकडे पुसट झाले.

आत्याने पिशवीत हात घातला, चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. दोन्ही काचा, दोन्ही काड्या, धडधाकट.

“अगं, पण हे इंग्रजी नाहीच,” लोकरवाल्या बाई पुस्तक उलटंपालटं करत म्हणाल्या आणि त्यांनी आत्याकडे बघितलं. “ताई, सुताच्या खोक्यात निघालं होतं तेच ना हे? कुठली भाषा तेसुद्धा आपल्या दोघींना कळलं नाही, मी रद्दीत टाकत होते, आणि तुम्ही म्हणालात, ‘टाकू नका, माझ्या भाचीला लागेल.’”