काँक्रीटमध्ये रुतलेली चप्पल

"साहेब, मुलाखतीची वेळ टळून गेली. आता बाहेरचाच माणूस घ्या," काका मिशीवरून बोट फिरवत म्हणाले.

काका विमा कंपनीतले तपासनीस. अपघाताचा दावा आला की त्यातलं खरं-खोटं पाखडायचं काम त्यांचं. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी ऑफिसातून एकच अर्ज आला होता. लोकांचे दावे घ्यायच्या टेबलावर बसणाऱ्या भोळीचा.

भोळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण एकदा स्कूटर चोरीला गेली म्हणून एक माणूस दावा घेऊन आला, तो त्याच स्कूटरवर बसून. हिने त्याला हेल्मेट ठेवायला आपल्या टेबलावर जागा करून दिली. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या एका हेल्मेटपायी तिची बढती दोनदा हुकली. आता हुकली तर जन्मभर त्याच टेबलावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पोरगी गुणी आहे," काका म्हणाले. "पण चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. जिला खोटं बोलता येत नाही, ती दुसऱ्याचं खोटं काय पकडणार?"

तेवढ्यात दार उघडलं.

दारात भोळी उभी होती. केसांत पांढरी पिसं, कुर्त्यावर सिमेंटचे शिंतोडे, आणि एकाच पायात चप्पल.

"साहेब, उशीर झाला खरा. पण ऐकून तरी घ्या."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "आता काय ऐकायचं?"

"थांबा साहेब." काकांचे डोळे चमकले. समोर आलेली हकिकत सोलून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "बस गं. सांग."

ती खुर्चीत टेकली. फुगलेली पिशवी मांडीवर घेतली. उघड्या पायाची बोटं संकोचून आत ओढली. नखांना फिकट गुलाबी रंग होता.

"पुलाजवळ सिग्नलला थांबले होते. पुढे कोंबड्यांचा टेम्पो. त्याने करकचून ब्रेक मारला नि खुराड्यांची दारंच उघडली. रस्ताभर कोंबड्या! एक येऊन माझ्या स्कूटरच्या सीटवर बसली. हवालदार म्हणाला, ताई, तुमच्याकडे गप बसतेय, जरा बाकीच्याही धरा की."

"आणि तू धरल्यास?"

"नाही कसं म्हणायचं, काका?"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "हेच! काका म्हणतात ते हेच!"

"एकीच्या मागे धावताना पाय गेला तो ओल्या काँक्रीटमध्ये. पाय निघाला, चप्पल नाही निघाली. मजूर ओरडायला लागले. वळून बघते तर गाडी उचलणारे माझी स्कूटर घेऊन निघालेले. सीटवर कोंबडी तशीच."

"उतरली नाही?"

"उतरेल कशाला? फुकटची सवारी."

साहेबांना हसू फुटलं. काका मात्र हसले नाहीत. ते खिडकीशी गेले. खाली तिची नेहमीची जागा रिकामी होती. स्कूटर नव्हती.

"कोंबड्या कुठल्या रंगाच्या?"

"पांढऱ्या. एखादी तांबडी असेल."

"टेम्पोवाल्याने काय घातलं होतं?"

"आता ते कुठलं लक्षात राहतंय, काका!"

काकांनी साहेबांकडे अर्थपूर्ण नजर टाकली. "आता उलटं सांग. शेवटून सुरुवातीकडे."

ती सांगू लागली. मध्येच अडखळली. हवालदार आधी बोलला की कोंबडी आधी बसली, यात गोंधळली. जीभ चावून पुन्हा नीट सांगितलं.

"बास." काकांनी टेबलावर थाप मारली. "साहेब, शंभर नंबरी खरं. पाठ करून आलेला माणूस अडखळत नाही. खोटारड्याला टेम्पोवाल्याच्या शर्टाची बटणंसुद्धा आठवतात. आणि पुलाजवळ काँक्रीट टाकताना मी काल स्वतः पाहिलंय."

"म्हणजे उशीर माफ?" साहेबांनी विचारलं.

"माफ. आणि अर्ज नामंजूर."

भोळीने मान वर केली. "का हो काका?"

"का म्हणजे? बाई गं, मुलाखतीला निघालेली बाई परक्याच्या कोंबड्या धरत बसते! उद्या कुणी तुला सांगेल, माझी म्हैस ट्रकला धडकली नि ट्रक मेला, तर तू म्हशीची विचारपूस करशील." काकांचा आवाज जरा मऊ झाला. "तू खरी आहेस, पोरी. पार आरपार दिसतेस. हे काम खऱ्या माणसाचं नाही."

"म्हणजे मला खोटं बोलता येत नाही, एवढीच अडचण?"

"एवढीच."

"बाकी सगळं येतं?"

"बाकी काय, कागदपत्रं तू माझ्याहून नीट वाचतेस. ते नाकारत नाही मी."

"आणि आत्ता जे सांगितलं, त्यात एक शब्दही खोटा नाही? तुमची खात्री?"

"उभा जन्म या कामात गेला माझा!" काका ताठ झाले. "यातलं काही खोटं निघालं, तर साहेबांसमोर मिशी उतरवीन. आणि माझी खुर्ची आजच तुला."

"साहेब, ऐकलंत ना?"

"ऐकलं बाई," साहेब हसत म्हणाले. "काकांचा शब्द तो माझा शब्द."

भोळीने केसांतली पिसं एकेक करून वेचली आणि टेबलावर ठेवली. मग मांडीवरची पिशवी उघडून आतून त्याच जोडातली दुसरी चप्पल काढली, स्वच्छ आणि कोरडी, आणि पायात घातली.