फळ्याची पडताळणी

"भूतकाळातलं एक वाक्य सांगा," हर्डीकर बाई तिसरीच्या वर्गाला म्हणाल्या.

शलाका उठली. "काल बाबांनी मला बागेत नेलं."

वर्गातल्या डिजिटल फळ्याने वाक्य खरं की खोटं ते तपासलं आणि घरच्या कॅमेऱ्यातली कालची संध्याकाळ दाखवली. नवा फ्रॉक घालून शलाका अंधार पडेपर्यंत दारात बसली होती. बाबा आलेच नाहीत. वर्ग खो खो हसत सुटला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी रडणाऱ्या शलाकाला जवळ घेतलं. "अगं, पडताळणी चालू आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं."

फळ्याने तेही तपासलं. सकाळच्या रिकाम्या वर्गात बाई पडताळणीचं बटण दाबताना दिसल्या. "आज बघतेच एकेकाच्या थापा!"

या वेळी कुणीच हसलं नाही. शलाकाने बाईंचा हात हळूच बाजूला केला.